तोंडाकडे बघायचं नाही

थोरलीला समितीची अध्यक्ष केलं ते ती तोंड उघडत नाही म्हणून. कागदावर अर्थात तसं नव्हतं. कागदावर ‘ज्येष्ठ व जबाबदार महिला कर्मचारी’ असं भारदस्त लिहिलेलं होतं. नवा कायदा आला होता. जिथे बायका कामाला आहेत तिथे त्यांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला समिती पाहिजे आणि समितीच्या डोक्यावर बाईच पाहिजे. गिरणीचा कामगार-ऑफिसर तो कायदा वाचून हबकला आणि बाई शोधायला मागखात्यात उतरला. या ऑफिसरला प्रत्येक वाक्याला ‘त्या अर्थाने’ची शेपटी लावायची खोड होती. त्याचा त्यालाही अर्थ लागत नसावा.

थोरलीला दाराबाहेर बोलावून तो म्हणाला, “बाई, तुम्ही सगळ्यांत सीनियर, त्या अर्थाने.”

थोरलीने मान हलवली.

“काम काही नसतं हो. वर्षातून एकदा फोटो. पण जबाबदारी मोठी, त्या अर्थाने.”

थोरलीने पुन्हा मान हलवली. ऑफिसर खूश झाला. वर जाऊन मॅनेजरला म्हणाला, “बाई मिळाली. मुकीच आहे, त्या अर्थाने.”

आता गंमत अशी, की साऱ्या मागखात्यात थोरलीइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती. ऑफिसरला ते कळायचं कारण नव्हतं, एवढंच. मागखात्यात आवाज कानात येत नाही, अंगात येतो. ओळीने माग चालू असतात, धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो, फरशी पायाखाली थरथरते. तिथे ओरडून बोलणारा माणूस म्हणजे नवखा. जुन्या बायका ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, ओठ मात्र असे ताणायचे आणि मुरडायचे की पलीकडच्या ओळीतल्या बाईला अक्षर न् अक्षर दिसलं पाहिजे. पोरांची आजारपणं, सासूची बोलणी, कुणाच्या नवऱ्याने काय फेकून मारलं, सगळं असं बिनआवाजी चालायचं. थोरली त्यात उस्ताद. आयुष्य त्यात गेल्यामुळे आवाज काढून बोलायचा मात्र तिला कंटाळा यायचा, आणि बोललीच तर अर्धवट बहिऱ्या माणसासारखं इतकं मोठ्याने बोलायची की घरात नवरा म्हणायचा, “अगं, मी इथेच आहे, पलीकडच्या गावाला नाही.”

या बोलण्याला एक शिस्त होती. नव्या मुलीला तुटलेला धागा सांधायला शिकवायच्या आधी ती शिकवत. आपल्याशी कुणी बोलत नसेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर कापडावर. भिंत नाही, दार नाही, बाईला आपलं दुःख दुसरीला सांगायचंय, तर बाकीच्यांनी निदान डोळे तरी बंद ठेवावेत ना! बघणं म्हणजे दाराला कान लावणं. चुकून दिसलंच तर दिसलं नाही. कुणी ते दुसरीकडे बोललं, तर त्या बाईशी खातं अबोला धरायचं.

शिस्त चांगली होती. फक्त ती जॉबरलाही ठाऊक होती.

जॉबर म्हणजे मागखात्याचा मुख्य. कुणाला कुठला माग द्यायचा, कुणाला कुठली पाळी, सगळं त्याच्या हातात. तो याच खात्यात वर चढलेला, त्यामुळे ओठांची बोली त्याला येत होती. हुकूम त्याच बोलीत द्यायचा. साऱ्या बायकांना ‘बाळ’ म्हणायचा, अगदी त्याच्या आईच्या वयाच्यांनाही. अपवाद एक थोरलीचा. तिला ‘मावशी’ म्हणायचा, कारण ती त्याच्या बायकोची सख्खी मावशी. थोरलीच्या धाकट्या बहिणीचा तो जावई. ऑफिसरला हे माहीत होतं. त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. “घरातल्या घरात राहील, त्या अर्थाने,” असं तो म्हणाला होता.

दोनतीन वर्षं खरंच नुसते फोटो झाले. समितीत बाहेरची एक वकीलबाई असायची. ती यायची, फोटोत उभी राहायची, घड्याळ बघायची, जायची. समितीच्या नावांचा फलक कपाटामागे लावला होता. तिथे तो स्वच्छ राहायचा.

मग लवंगीने तक्रार दिली.

लवंगी हे तिचं खात्याने ठेवलेलं नाव. चणीने एवढीशी, बोलायला तिखट. तिच्या वाट्याला जॉबरने आजारी माग दिला होता. आजारी माग म्हणजे ज्याचा धागा दर फेरीला तुटतो, कापडात भोकं पडतात आणि दोष विणणारीच्या नावावर चढतो. लवंगीने माग बदलून मागितला. त्यावर जॉबर तिच्या मागाशी आला, तिच्या बाजूला उभा राहिला आणि बिनआवाजी काहीतरी बोलला. लवंगी पांढरी पडली आणि दुसऱ्या दिवशी तिने तक्रार दिली.

ऑफिसरच्या तोंडचं पाणी पळालं. समिती आहे याची त्याला सवय होती, तक्रारीची नव्हती.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी धाकटी थोरलीकडे आली. धाकटीची रीत अशी, की आधी रडून घ्यायचं, मग विषय सांगायचा.

“ताई, माझ्या लेकीचा संसार तुझ्या हातात आहे.”

“माझ्या हातात फक्त खुर्ची आहे,” थोरली ओरडली. म्हणजे तिच्या मानाने हळूच बोलली.

“हळू बोल गं, शेजारी ऐकतील! त्याची नोकरी गेली तर पोरगी माझ्या दारात येऊन बसेल. मग लोक मला विचारणार, त्या तक्रार करणाऱ्या पोरीला नाही विचारणार. कोण कुठली पोरगी ती!”

“तो तसं बोलला असेल तर?”

“पुरुष आहे, बोलला असेल. हात लावला का? नाही ना? कायदा काय तुमच्या गिरणीत आहे, ताई. माझ्या घरात जावई आहे.”

थोरलीचा नवरा कोपऱ्यात बसून नखं कापत होता. तो म्हणाला, “मी काय म्हणतो...” दोघी बहिणींनी वाट पाहिली. तो काहीच म्हणाला नाही. त्याचं नेहमीच तेवढंच असायचं.

थोरलीने धाकटीला ना हो म्हटलं ना नाही. ती मनात एकच गोष्ट घोळवत होती, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. लवंगीच्या समोरचा माग थोरलीचा. त्या दिवशी तिची नजर वर गेली होती. जॉबरचं तोंड थोरलीला समोरून दिसत होतं. तिने बघितलं होतं, आणि मग शिस्तीप्रमाणे तिला दिसलं नव्हतं.

बैठक कुठे भरली? जॉबरच्या केबिनमध्ये. वर जायचं तर माग बंद ठेवावे लागले असते, आणि मागखात्यात दार लागेल अशी तेवढीच एक खोली होती. तिच्या तिन्ही बाजूंना काच, म्हणजे जॉबरला आत बसून सारं खातं दिसावं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच खोलीत सुनावणी. चहा त्यानेच मागवला. खुर्ची त्यानेच पुसली.

“बसा मावशी. आज तुम्ही साहेब!”

थोरली बसली. तिच्या शेजारी वकीलबाई आणि ऑफिसर, समोर एका स्टुलावर लवंगी, आणि जॉबर काचेला पाठ लावून. वकीलबाई म्हणाली, “इथलं सगळं गुप्त राहिलं पाहिजे. बाहेर एक शब्द जाता कामा नये.”

काचेबाहेर सारं खातं कापडाकडे बघत होतं. इतक्या निष्ठेने कापडाकडे त्या बायकांनी जन्मात बघितलं नसेल.

लवंगीने सांगितलं. पण ते नेमके शब्द तिच्या तोंडून येईनात. “घाण बोलले,” एवढंच ती म्हणाली. वकीलबाईने चारदा विचारलं, चारदा तेच. जॉबर शांतपणे चहा ढवळत होता.

“मॅडम, मला एक सांगा,” तो म्हणाला, “बाहेरचा आवाज ऐकताय ना? यात मी हिला काही बोललो असतो तर मला ओरडावं लागलं असतं. ओरडलो असतो तर साऱ्या खात्याने ऐकलं असतं. मग बोलवा ना कुणाला तरी. ऐकलंय का कुणी?”

“ऐकलं नाही कुणी,” लवंगी म्हणाली. “बघितलं.”

“काय बघितलं? हात लावताना?” वकीलबाईने विचारलं.

“बोलताना.”

ऑफिसर हसला. “बोलणं बघायचं? म्हणजे सिनेमा, त्या अर्थाने.”

वकीलबाई हसली नाही. तिने आजूबाजूच्या मागांवरच्या बायका बोलवायला सांगितल्या. तिघी आल्या, एकेक करून. पहिली म्हणाली, “मी कापडाकडे बघत होते.” दुसरी म्हणाली, “माझी नजर कापडावर होती.” तिसरी दारातूनच म्हणाली, “कापड, मॅडम,” आणि गेली. खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं बघितलं असं चारचौघांत सांगणं हाच त्यांच्या लेखी बेशरमपणा होता.

ऑफिसरने घसा साफ केला. “कायद्यात असंही आहे, की तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर मुलीवर कारवाई होते. मी धमकी देत नाही, माहिती देतोय, त्या अर्थाने.”

“पुरावा नाही म्हणजे खोटी असं होत नाही,” वकीलबाई म्हणाली. “पण पुरावा नाहीच आला तर तक्रार इथेच संपेल.”

संपेल म्हणजे काय ते लवंगीला कळत होतं. ती परत त्याच आजारी मागावर, त्याच जॉबरच्या हाताखाली जाणार होती. महिन्याभरात कापडातली भोकं मोजून तिला घरी बसवलं असतं, आणि कायद्याने त्यात कुठे बोट ठेवायला जागा नसती.

वकीलबाई खाली मान घालून लिहीत होती. ऑफिसर बिस्कीट चहात बुडवत होता. तेवढ्यात लवंगीने थोरलीकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज नाही.

“काकू, तुम्ही समोर होता.”

थोरलीने वाचलं. आणि जॉबरनेही वाचलं. त्याने थोरलीकडे वळून, हसऱ्या चेहऱ्याने, तसेच ओठ हलवले.

“मावशी, बहिणीचा विचार करा. तुमच्या भाचीला मी घरात ठेवलीय, ती माझ्या मर्जीने.”

एका टेबलाभोवती दोन सुनावण्या चालल्या होत्या. ऑफिसरचं बिस्कीट चहात पडलं. तो ते चमच्याने काढण्यात गुंतला होता.

थोरली बोलली. खोली दणाणली.

“मी बघितलंय!”

वकीलबाईच्या हातातलं पेन उडालं. “काय बघितलंत?”

“हा काय बोलला ते.”

“अहो, तुम्ही अध्यक्ष आहात,” ऑफिसर गडबडला. “तुम्ही फक्त ऐकायचं, त्या अर्थाने.”

“अध्यक्षांना साक्ष देता येत नाही, बाई,” वकीलबाई म्हणाली. “न्याय करणारा आणि साक्षीदार एक चालत नाही.”

“मग मला उठवा.”

कुणी उठवेना, म्हणून ती स्वतःच उठली. टेबलाला वळसा घालून लवंगीशेजारी आली आणि म्हणाली, “सरक गं जरा.” लवंगी सरकली. एकाच स्टुलावर दोघी अर्ध्या-अर्ध्या बसल्या.

चित्र छान होतं, पण कायदा तिथेच अडला. खुर्ची रिकामी, आणि बाई अध्यक्ष नसेल तर समितीच नाही. समिती नाही तर सुनावणी नाही. वकीलबाईने नियम वाचून दाखवला आणि बैठक तहकूब केली. जॉबरने सगळ्यांना दार उघडून दिलं. त्याला तेवढीच सवड हवी होती.

मधल्या काळात जे व्हायचं ते झालं. लवंगीला ‘तिच्याच सुरक्षिततेसाठी’ रजेवर पाठवलं. कायद्यात तशी सोय आहे. फक्त ती बाईच्या मागणीवरून द्यायची असते, आणि लवंगीने मागितली नव्हती. तिचा आजारी माग थोरलीकडे आला. एवढ्या वर्षांत थोरलीच्या कापडात भोक पडलं नव्हतं, ते पडू लागलं. धाकटीने येणं सोडलं. नवरा एकदा म्हणाला, “मी काय म्हणतो...” थोरली त्याच्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली, “म्हण! आज म्हणच!” तो म्हणाला, “जेवायला वाढ.” मग थोड्या वेळाने ताटाकडे बघत म्हणाला, “बघितलं असशील तर सांग की. त्यात काय.” लग्नानंतर ‘मी काय म्हणतो’च्या पुढे तो पहिल्यांदाच गेला.

नवी अध्यक्ष शोधायला ऑफिसरने सगळ्या बायकांना विचारलं. एकीची कंबर दुखत होती, दुसरीच्या घरी पाहुणे होते, तिसरीने सरळ हात जोडले. कायद्याने दिलेली मुदत संपत आली आणि वकीलबाईचे कडक शब्दांत फोन येऊ लागले, तेव्हा वरच्या ऑफिसातली हजेरी लावणारी बाई धरून आणली. ती मागखात्यात प्रथमच येत होती. कानांत बोटं घालून ती अध्यक्षपदी बसली.

या वेळी थोरली स्टुलावर. काचेकडे तोंड करून.

जॉबर तयारीत होता. “मॅडम, लांबून ओठ बघून कधी बोलणं कळतं का? माणूस नुसता जांभई देत असेल! या माझ्या सासुरवाडीच्या. घरगुती भांडण आहे आमचं, ते इथे आणलंय.”

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. “तुम्ही दिवसभर खात्यात हुकूम देता. कसे देता? ओरडून?”

जॉबरने ओरडून म्हणावं, तर त्याला ओरडताना कधीतरी कुणी ऐकलेलं असायला पाहिजे होतं.

“ओठांनी देता की नाही?”

“कामापुरते,” तो म्हणाला.

“आणि बायकांना ते कळतात?”

“कळतात. काम चालतं म्हणजे कळतातच.”

वकीलबाईने ते लिहून घेतलं आणि थोरलीकडे वळली. “शब्द सांगा. जसेच्या तसे.”

तसले शब्द थोरलीने घरातही तोंडावाटे काढले नव्हते. ओठांनी सांगायला एक वेळ जमलं असतं, पण समोर बसलेल्या तिघांना ते वाचता येत नव्हते. तिने डोळे मिटले, उघडले, आणि त्याच्यासारखी मान तिरकी करून म्हणाली:

“‘बाळ, गोदामात ये. गठ्ठ्यांमागे. गादीपेक्षा मऊ असतात. तू जरा सैल झालीस की तुझा मागही सुधारेल. नाही आलीस तर याच मागावर तुला म्हातारी करीन.’”

कानात बोटं घातलेल्या अध्यक्षबाईनेही ते ऐकलं. तिची बोटं खाली आली.

“असंच लिहू?” ऑफिसरने विचारलं. ‘त्या अर्थाने’ म्हणायचं तो विसरला.

“असंच,” वकीलबाई म्हणाली.

काचेपलीकडे नजरा कापडावरून उठल्या होत्या. थोरली त्यांच्याकडे तोंड करून बोलत होती, म्हणजे ती त्यांच्याशीच बोलत होती, आणि आपल्याशी बोलणाऱ्याकडे बघायला शिस्तीत मनाई नव्हती. जेवणाच्या सुट्टीत पहिल्या तिघींमधली एक केबिनच्या दारात आली आणि म्हणाली, “मला माझं बोलणं बदलायचंय. नजर कापडावर नव्हती.” बाकीच्या दोघी आल्या नाहीत. एक पुरली.

निकाल लागला. ‘असभ्य वर्तन सिद्ध.’ जॉबरला लेखी ताकीद मिळाली, बढती थांबली, आणि त्याला रस्त्यापलीकडच्या गोदामात हिशेबनीस म्हणून पाठवलं. पगार तोच. तिथे बायका कामाला नव्हत्या, म्हणून समितीही नव्हती. लवंगी कामावर परत आली. नव्या जॉबरने आजारी मागाच्या फणीचा मोडलेला दात बदलला. एवढंच त्या मागाला झालं होतं. ऑफिसरने वरिष्ठांना कळवलं की आपल्याकडची समिती पूर्णपणे कार्यरत आहे, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी धाकटी लेकीला घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली. या वेळी ती रडली नाही, थेट सुरू झाली. “झालं समाधान? जावयाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. सगळे हसतात त्याला. घरात जेवत नाही धड तो. ताई म्हणून तुझं सगळं ऐकत आले मी, आता संपलं!” थोरलीने पाणी पुढे केलं. धाकटीने ते घेतलं नाही, पण बोलून बोलून घसा कोरडा पडल्यावर प्यायली. लेक भिंतीशी उभी होती. तिला बस म्हटलं तर ती म्हणाली, “नको, मावशी, बसवत नाही.”

निघताना धाकटी पुढे जिना उतरू लागली. भाची दारात चप्पल घालायला वाकली ती वाकलेलीच राहिली.

“मावशी, गोदामात रात्रपाळी नसते,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “आता तो रोज संध्याकाळी घरी असतो.”

थोरलीला ऐकू गेलं.

“तुमच्या समितीसारखं घरासाठी काही असतं का?”

“असतं. कायदा आहे.” थोरलीने जमेल तेवढा आवाज दाबला. “वकीलबाईंचा पत्ता देते. थांब, लिहून आणते.”

“लिहू नको. सापडला तर? तोंडी सांग.”

थोरलीने रस्त्याचं नाव सांगितलं, औषधाच्या दुकानाची खूण सांगितली, वरचा मजला सांगितला.

“आणि साक्षीदार लागतो का गं तिथे? घरात तर कुणीच नसतं.”

“ते तिला विचार,” थोरली म्हणाली. “मला नाही माहीत.”

“चल गं! काय पुराण लावलंयस तिच्याशी?” खालून धाकटीची हाक आली.

“चप्पल तुटलीय, आई! आले!” भाची मोठ्याने म्हणाली. मग थोरलीकडे बघून तिने तो पत्ता पहिल्यापासून म्हणून दाखवला. मजला चुकला. थोरलीने दुरुस्त केला. तिने तो पुन्हा म्हटला, या वेळी बरोबर, आणि जिना उतरली.